डबीवर न लिहिलेली राळ : एका क्लाइंबरच्या हातांचं प्रकरण

हे प्रकरण पुण्यातल्या एका क्लाइंबरचं, म्हणजे खेळ म्हणून कडे आणि दगड चढणाऱ्या मुलीचं. वय तिशीच्या आसपास, दिवसभर कीबोर्ड बडवायची नोकरी, आठवड्यातल्या तीन संध्याकाळी कृत्रिम भिंतीवर सराव आणि थंडी पडली की खऱ्या दगडावर चढायला बदामी नाहीतर हंपी. तिच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील गाळलेत. विक्रेत्यांची नावंही दिलेली नाहीत, कारण तिघांचेही व्यवसाय घरातून, एकट्याच्या जिवावर चालणारे आहेत.

हंगामाच्या तोंडावर तिने या तिघांकडून मिळून चार वस्तू मागवल्या. पहिली, भेगांवरचं मलम. कुडाळजवळच्या एक ताई ते घरी करतात, इन्स्टाग्रामवर फोटो टाकतात, पैसे यूपीआयने घेतात आणि डबी पोस्टाने पाठवतात. ३० ग्रॅमची पत्र्याची डबी, वर हाताने लिहिलेली चिठ्ठी : ‘कोकम मलम. १००% नैसर्गिक. भेगांसाठी.’ दुसरी वस्तू अँटिहायड्रल नावाचं जर्मन क्रीम, हाताचा घाम कमी करणारं. तिकडे ते औषधाच्या दुकानात ट्यूबमध्ये मिळतं. इकडे एक जण ट्यूब मागवतो आणि लिपबामच्या रिकाम्या डब्यांत ५-५ ग्रॅम भरून विकतो. तिसरी आणि चौथी एकाच ठिकाणाहून आली : पकडीसाठी हाताला लावायच्या लिक्विड चॉकची बाटली आणि बोटांना गुंडाळायच्या चिकटपट्टीचे दोन रोल. हा विक्रेता तिघांत सर्वांत झकपक. स्वतःची वेबसाइट, काळी मॅट बाटली, कड्यावर लटकणाऱ्या माणसाचे सुरेख फोटो.

मोठ्या दुकानातून का नाही घेतलं, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ साली बोल्डरिंगचा (दोराशिवाय, कमी उंचीवरच्या चढाईचा) विश्वचषक झाला, टोकियोपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला, शहरांत भिंती उभ्या राहिल्या; तरी बोटांच्या टोकांना लावायचं मलम खेळाच्या दुकानात सहसा मिळत नाही. परदेशी डबी मागवायची तर पाठवणावळ आणि सीमाशुल्क धरून किंमत कुठच्या कुठे जाते. मग क्लाइंबरांच्या ग्रुपवर कोणीतरी लिहितं, ‘अमक्याकडून घे, भारी आहे’, आणि ऑर्डर जाते. यात वावगं काही नाही. हे विक्रेते बहुतेकदा स्वतः क्लाइंबर असतात किंवा क्लाइंबरच्या घरातले असतात, त्यामुळे गरज नेमकी कोणती हे त्यांना ठाऊक असतं.

हातांना हवं तरी काय

गोंधळ इथूनच सुरू होतो, म्हणून जरा सविस्तर. क्लाइंबरच्या कातडीला दोन उलट त्रास असतात. एक घामाचा. मुंबईत सप्टेंबरमध्ये हात कायम ओलसर, कातडी मऊ, होल्डवरून, म्हणजे पकडायच्या खाचेवरून, बोट घसरतं आणि घट्ट्याचं साल टवका उडाल्यासारखं सोलून निघतं. दुसरा कोरडेपणाचा. जानेवारीत हंपीच्या ग्रॅनाइटवर चार दिवस काढले की दगडातले खडे बोटांची टोकं सँडपेपरसारखी घासून काढतात, मग पेराच्या घडीत चीर पडते आणि ती आठवडाभर हटत नाही. बदामीचा वालुकाश्म त्या मानाने दयाळू. सह्याद्रीचा बसाल्ट कुठे गुळगुळीत, कुठे सुरीसारखा.

एका त्रासावरचा उपाय दुसरा त्रास वाढवतो. मेणाचं मलम कातडीवर थर धरून ओलावा आत राखतं. हंपीच्या रात्री ते वरदान. तेच घामट हाताच्या माणसाने पावसाळ्यात रोज चोपडलं, तर मऊ झालेली कातडी पहिल्याच कठीण होल्डवर सोलते. अँटिहायड्रलचं काम नेमकं उलटं. त्यात १३ टक्के मेथेनामाइन असतं. घामातल्या आम्लाने ते फुटतं, किंचित फॉर्माल्डिहाइड सुटतं, आणि त्याने वरची कातडी कोरडी आणि कडक होते. ज्याचे हात मुळातच कोरडे त्याने ते पेराच्या घडीवर लावलं, तर कातडी काचेसारखी होऊन तडकते. लिक्विड चॉक म्हणजे अल्कोहोलमध्ये कालवलेलं मॅग्नेशियम कार्बोनेट. अल्कोहोल उडून जातं आणि पांढरा थर उरतो. प्रत्येक वेळी थोडा कोरडेपणाही देऊन जातं.

तेव्हा ‘चांगलं क्रीम कोणतं’ या प्रश्नाला हात कोणाचा आणि महिना कोणता हे कळल्याशिवाय उत्तर नाही. आपल्या क्लाइंबरचे हात घामट. तिची निवड कागदावर चुकीची नव्हती : सरावाच्या दिवसांत आठवड्यातून एकदा बोटांच्या टोकांना अँटिहायड्रल, सहलीत चढाई संपल्यावर रात्री मलम, कठीण चढाईआधी लिक्विड चॉक, चिरलेल्या बोटाला पट्टी.

झालं काय

बदामीची पहिली सहल ठीक गेली. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांनी बोटांच्या टोकांना खाज सुटली. मग बारीक पुरळ, पाणी धरलेले फोड, ते फुटून सालपटं आणि सालपटांखाली भेगा. हंपीची तिकिटं काढलेली होती. भेगा दिसल्या म्हणून तिने मलमाचं प्रमाण वाढवलं, दिवसातून तीनदा लावू लागली. भेगा वाढल्या.

ग्रुपवर फोटो टाकताच निदानांचा पाऊस पडला. बहुमत जर्मन क्रीमच्या विरोधात गेलं. फॉर्माल्डिहाइड हा शब्द वाचल्यावर दुसरा आरोपी शोधायची गरज कुणाला वाटेना. प्रयोगशाळेतल्या बरणीतले बेडूक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आले. मलमाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. कोकणातलं, घरी केलेलं, कोकमाचं; ते कसं बाधेल? भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तेल, तर आज्या-पणज्या टाचांना लावत आल्या.

तिने जर्मन क्रीम बंद केलं. फरक पडला नाही. मग कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून एक ट्यूब आणली, ज्यात स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक असं तिन्ही एकत्र असतं. चार दिवसांत खाज गेली, ती जिंकल्यासारखी हंपीला गेली आणि परत आली तेव्हा त्रास दुप्पट. स्टेरॉइडने दाह दबतो. कारण तिथेच असेल तर ट्यूब थांबली की तो परत उसळतो. अशा तीन-चार औषधांच्या मिश्र ट्यूबा चिठ्ठीशिवाय घेऊन देशभर कातड्यांची जी दुर्दशा होते, त्याबद्दल त्वचारोगतज्ज्ञ कित्येक वर्षं कंठशोष करताहेत. केमिस्टच्या फळीवर परिणाम दिसत नाही.

यात दोन खुणा होत्या, ज्या ग्रुपवरच्या तज्ज्ञांनी पाहिल्याच नाहीत. एक, खाज. नुसती अतिकोरडी झालेली कातडी ताणते, चिरते, झोंबते. इतकी खाजत नाही. दुसरी, मधल्या बोटावर जिथे पट्टी गुंडाळली होती तिथे लाल पट्टा उमटला होता, कडा पट्टीच्या मापाच्या. पुढे पापण्याही सुजून खाजू लागल्या, आणि तेव्हा कुठे ती त्वचारोगतज्ज्ञाकडे गेली. हाताला लागलेला पदार्थ डोळे चोळताना पापण्यांवर जातो, आणि तिथली कातडी शरीरात सर्वांत पातळ असल्यामुळे बोंब तिथून उठते. डॉक्टरांना म्हणे पापण्यांनीच जास्त सांगितलं.

पॅच टेस्ट

डॉक्टर म्हणाले, घरातलं सगळं घेऊन या, डब्यांसकट. तिने चारही वस्तू टेबलावर मांडल्या. त्यांनी प्रत्येक उचलून उलटीपालटी केली आणि घटकांची यादी शोधली. एकीवरही नव्हती. ५ ग्रॅमच्या डबीवर तर काहीच नव्हतं, फक्त पेनाने ‘ए’. मूळ ट्यूबवर सगळं छापलेलं असतं. डबीत भरताना माहिती ट्यूबसोबत कचऱ्यात गेली.

यादी नसेल तर पाठच कामी येते. पॅच टेस्टमध्ये ठरावीक पदार्थ बारीक कप्प्यांत भरून पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी काढतात, तेव्हा एकदा आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा वाचतात. तेवढे दिवस पाठीला पाणी नाही, घाम नाही, म्हणजे चढाई नाही. नेहमीच्या संचात निकेल, सुवासिक द्रव्यांचं मिश्रण, फॉर्माल्डिहाइड, लोकरीतला स्निग्ध पदार्थ, कोलोफोनी वगैरे असतात. सोबत डॉक्टरांनी तिचं मलम जसंच्या तसं आणि पट्टीचा तुकडा लावला. लिक्विड चॉक लावलं नाही : अल्कोहोल झाकून ठेवलं की कोणाचीही कातडी भाजते, आणि त्यातून ॲलर्जीबद्दल काही कळत नाही.

निकाल असा आला. फॉर्माल्डिहाइड : काही नाही. सुवासिक द्रव्यं : काही नाही. कोलोफोनी : ठसठशीत लाल, फोडांसकट. मलम : लाल. पट्टी : लाल.

कोलोफोनी म्हणजे चिडाच्या झाडाची राळ. ती चिकट असते, म्हणून जुन्या पद्धतीच्या झिंक ऑक्साइड पट्ट्यांच्या गोंदात पडते. पकड वाढवते, म्हणून काही लिक्विड चॉकमध्ये मिसळतात. फ्रान्समध्ये फाँतेनब्लोच्या दगडांवर जुने क्लाइंबर कापडात बांधलेली राळ वापरायचे. तिने होल्डवर झिलई चढते म्हणून आता ते तिथेही नकोसं मानलं जातं. आणि आपल्याकडे टाचांच्या भेगांवर राळेचं मलम हा पिढीजात उपाय आहे. चार वस्तूंपैकी दोनांत राळ असल्याचं पाठीने सांगितलं, तिसरीचा संशय राहिला. सगळ्यांनी सुळावर चढवलेलं जर्मन क्रीम तेवढं निर्दोष सुटलं.

तिघांना विचारलं तेव्हा

तिने तिन्ही विक्रेत्यांना एकाच मजकुराचा निरोप पाठवला : यात काय काय आहे, मला ॲलर्जी निघाली आहे, डॉक्टरांनी विचारलंय.

कुडाळच्या ताईंचं उत्तर दहा मिनिटांत आलं, तेही बोलून रेकॉर्ड केलेलं. भिरंडेल घरचं, खोबरेल घाण्यावरचं, मेण अमक्या माणसाकडचं, थोडा कापूर. ‘आणि राळ चिमूटभर घालतंय गो, नायतर भेगेक धरणा नाय.’ राळ कुठली, हे विचारल्यावर त्यांनी काष्ठौषधींच्या दुकानातल्या पुडीचा फोटो पाठवला. पुडीवर नुसतंच ‘राळ’. या नावाने बाजारात साल वृक्षाचीही मिळते आणि चिडाचीही. ताईंना फरक माहीत असायचं कारण नव्हतं, दुकानदाराला असावा अशी अपेक्षा करायला हरकत नाही. पैसे परत करते म्हणाल्या, हिने घेतले नाहीत.

डब्या भरणाऱ्याने मूळ ट्यूबच्या छापील मजकुराचा फोटो पाठवला, सोबत जर्मनचं मोडकंतोडकं भाषांतर. तो मागितल्याशिवाय का पाठवत नाही, याला उत्तर नाही.

चॉकवाल्याचं उत्तर दोन दिवसांनी : ‘आमचा फॉर्म्युला सिक्रेट आहे. आजपर्यंत कोणाची तक्रार नाही.’ पट्टीबद्दल पुन्हा विचारल्यावर नंबर ब्लॉक.

इथे एक अवघड जागा आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर ताईंची डबी कच्ची. विकायसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांखाली परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देतं. लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि घटकांची यादी लागते. स्वयंपाकघरात केलं म्हणून सूट नाही. ‘भेगा बऱ्या होतात’ असं लिहिलं तर प्रकरण औषधाकडे झुकतं, तो आणखी वेगळा परवाना. उलट लिक्विड चॉक खेळाचं साहित्य म्हणून विकलं जातं. त्याच्या वेष्टणावर नाव, पत्ता, वजन, किंमत, महिना, तक्रारीसाठी संपर्क एवढं हवं. आत काय आहे ते सांगण्याची सक्ती नाही. म्हणजे ज्यांनी सगळं सांगितलं त्या नियमाबाहेर, आणि ज्याने तोंड मिटलं तो त्या मुद्द्यापुरता बिनधोक. लहान विक्रेता विश्वासाचा की नाही हे परवान्यावरून किंवा फोटोंवरून ठरवणाऱ्याने या तिघांना कोणत्या क्रमाने लावलं असतं, ते उघड आहे. माझ्या लेखी क्रम उलटा लागतो. तरीही ताईंनी परवाना न घेता असंच चालू ठेवावं, असं मला म्हणता येणार नाही. चिमूटभर राळ कोणत्या झाडाची, हे न कळण्याची किंमत एका माणसाच्या पापण्यांनी मोजली आहे.

चॉकमध्ये राळ आहे का, हे तिने घरीच आजमावलं. राळ अल्कोहोलमध्ये विरघळते, पाण्यात नाही. काचेवर चॉकचा थेंब सोडला, पूर्ण वाळू दिला, वाहत्या पाण्याखाली बोटाने पुसला. नुसती चॉक पावडर असती तर काच स्वच्छ झाली असती. चिकट पातळ पापुद्रा राहिला, आणि तो स्पिरिटच्या बोळ्याने लगेच निघाला. हा पुरावा नव्हे, दुसराही एखादा चिकट पदार्थ असू शकतो. पण ज्याच्या पाठीवर कोलोफोनी लाल उमटली आहे, त्याला बाटली बाजूला ठेवायला इतकं पुरेसं आहे. ज्यांना ॲलर्जी नाही त्यांनीही हा प्रयोग करून पाहावा, कारण तो पापुद्रा बदामीच्या होल्डवरही बसतो.

तक्रार

तिने चॉकवाल्याविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विक्रेत्याने तक्रार अधिकारी नेमायचा, ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निपटारा करायचा. घरातून धंदा करणारा यातून सुटत नाही. सूट आहे ती धंदा म्हणून नव्हे तर एखाददुसरी वस्तू विकणाऱ्याला. या वेबसाइटवर अधिकारी तर सोडाच, पत्ताही नव्हता. ऑर्डरची पावती, यूपीआयचा तपशील, कुरिअरच्या पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता आणि ‘सिक्रेट फॉर्म्युला’चा स्क्रीनशॉट तिने जोडला. पाकीट फेकलं नव्हतं म्हणून तक्रारीत पत्ता तरी घालता आला.

हेल्पलाइन समेट घडवते, हुकूम देत नाही. तीन आठवड्यांनी पैसे परत आले. घटकांची यादी आली नाही. पुढचा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा : २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागता येते आणि ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. तिने तो धरला नाही. हजाराच्या आतल्या रकमेसाठी रजा कोण खर्च करणार, असं ती म्हणते आणि मला त्यात चूक दिसत नाही.

आता

डॉक्टरांच्या उपचारांनी आणि राळ टाळल्यामुळे हात सव्वा महिन्यात पूर्ववत झाले. ॲलर्जी मात्र जात नाही, ती जन्माची. आता ती साधी चॉक पावडर वापरते आणि कातडीला न चिकटता स्वतःच्याच थराला चिकटणारी पट्टी गुंडाळते. नवीन काहीही आलं की कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठ-दहा दिवस लावून बघते, मगच बोटांना. अँटिहायड्रल तिने पुन्हा सुरू केलं आहे, फक्त पावसाळ्यात, फक्त टोकांना, घडी टाळून, आणि ऑफिसातल्या सहकाऱ्याने जर्मनीहून आणलेल्या सीलबंद ट्यूबमधून. ग्रुपला ते अजून पटलेलं नाही.

ताईंनी राळ काढून टाकायला नकार दिला. टाचांसाठी घेणारी त्यांची जुनी गिऱ्हाइकं राळेमुळेच घेतात. त्यांनी दोन मलमं केली, एक राळेचं आणि एक बिनराळेचं, आणि दोन्हींवर आता पूर्ण यादी असते, राळेचा उल्लेख सर्वांत वर, ठळक. परवान्याचं मात्र अडलं आहे, कारण घराची खोली कारखान्याच्या अटींत बसत नाही. नियमांत दुसऱ्याच्या परवानाधारक जागेत आपलं उत्पादन करून घेण्याची, लोन लायसन्सची, सोय आहे. त्यांच्या बचत गटातल्या कोणाच्या तरी ओळखीचं एक साबणाचं युनिट आहे, तिथे चौकशी चालू आहे. तोवर नव्या ऑर्डरी घेऊ नका, असं आपल्या क्लाइंबरनेच त्यांना सुचवलं. त्या हसल्या, आणि पुढच्या आठवड्याच्या डब्या भरायला बसल्या.